उतारवय आणि आरोग्यविमा

(दिल्लीतील मयूर विहार येथे ज्येष्ठ मराठी नागरिकांपुढे दिलेले भाषण)



‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फार्सीतून आला. ‘बीम’ म्हणजे भय. त्या भयाची आगाऊ तजवीज तो विमा. शब्दांच्या व्यवहारात वावरणाऱ्या माझ्यासारख्या भाषांतरकाराने वैद्यक किंवा अर्थशास्त्र यांविषयी अधिकारवाणीने बोलू नये, हे खरे. परंतु सरकारी योजनांची कागदपत्रे वाचताना माणसे अडतात ती बहुधा शब्दांपाशीच. म्हणून आज दोन शब्दांतील भेद प्रथम स्पष्ट करतो : बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण. डॉक्टरांना दाखवून, औषध घेऊन घरी परततो तो बाह्यरुग्ण. रुग्णालयात खाटेवर दाखल होतो तो आंतररुग्ण. वार्धक्यातील आरोग्यखर्चाचे सारे गणित या भेदावर उभे आहे.

रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी ही उतारवयाची नित्याची दुखणी. त्यांचा खर्च दरमहा, थोडाथोडा आणि जन्मभर होतो. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा मांडीचे मोडलेले हाड यांचा खर्च एकदाच येतो, पण तो घरदार हलवून सोडतो. कोणतीही योजना स्वीकारण्यापूर्वी ती यांपैकी कोणता भार उचलते, हे विचारावे.

आपल्यापैकी कित्येकांनी केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालवले. त्यांच्यासाठी केंद्र सरकार आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, १९५४ साली याच दिल्लीत सुरू झाली. ती दोन्ही भार उचलते. दवाखान्यातून औषधे मिळतात आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांत निवृत्तिवेतनधारकांना रोख न भरता उपचारही मिळतात. सातव्या वेतन आयोगानंतर ठरलेल्या दरांनुसार वेतनस्तर १ ते ५ साठी दरमहा २५०, स्तर ६ साठी ४५०, स्तर ७ ते ११ साठी ६५० आणि त्यावरील स्तरांसाठी १००० रुपये वर्गणी आहे. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरल्यास कार्ड आजीव राहते. ६५० रुपयांच्या वर्गातील निवृत्तास ही रक्कम ७८,००० रुपये होते. ती एकदम ऐकली की मोठी वाटते. मात्र पतिपत्नी दोघांच्या औषधांचा एका वर्षाचा खर्च शेजारी मांडून पाहावा, म्हणजे ती महाग की स्वस्त हे आपोआप कळेल.

आता नव्या योजनेकडे वळू. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा ती गरीब कुटुंबांपुरती होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास उत्पन्नाची अट न ठेवता तीत प्रवेश मिळाला. त्या कार्डाचे नाव ‘वय वंदना’. दिल्ली सरकार २०२५ च्या एप्रिलमध्ये या योजनेत सामील झाले आणि केंद्राच्या पाच लाखांत त्याने आपले पाच लाख घातले. त्यामुळे दिल्लीच्या रहिवाशास वर्षाला दहा लाखांपर्यंत संरक्षण मिळते. वर्गणी नाही आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळही नाही. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते.

परंतु हे कार्ड आंतररुग्णाचे आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी परतल्यानंतरचे पंधरा दिवस सोडले, तर रोजच्या औषधांचा भार ते उचलत नाही. सीजीएचएसच्या सभासदास दोहोंपैकी एकच निवडावी लागते. दोन्हींचा लाभ एकत्र घेता येत नाही. दहा लाख हा आकडा पाहून जुने कार्ड सोडण्याचा मोह होईल. ज्याची औषधे रोज चालू आहेत, त्याने तो मोह टाळावा असे माझे मत आहे. खाजगी विमा असणाऱ्यास मात्र अशी निवड करावी लागत नाही. त्याला वय वंदना कार्डही घेता येते. त्याने जुनी पॉलिसी घाईने सोडू नये. पुन्हा नव्याने विमा घेतल्यास जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

ज्यांना कोणतेच संरक्षण नाही, त्यांनी मात्र विलंब करू नये. अमेरिकेत १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला. तेथे पासष्टाव्या वाढदिवसाच्या आसपासचे सात महिने नोंदणीचे. ज्याला अन्य मान्य विमा नाही आणि जो ही मुदत चुकवतो, त्याचा डॉक्टरांच्या सेवेचा मासिक हप्ता कायमचा वाढतो. आपल्याकडे असा दंड नाही. आपल्याकडे अडचण येते ती कागदांची.

वय धरले जाते ते आधारवरील. आपल्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लिहून टाकली. खरे वय सत्तर असून कागदावर अडुसष्ट असेल, तर दोन वर्षे थांबावे लागेल किंवा पुरावा देऊन दुरुस्ती करून घ्यावी लागेल. दुसरी गोष्ट पत्त्याची. मयूर विहारच्या कडेला चिल्ला ओलांडले की नोएडा लागते आणि राज्य बदलते. मुलाकडे दिल्लीत राहणाऱ्या, पण आधारवर पुणे किंवा नागपूरचा पत्ता असणाऱ्या आईवडिलांना केंद्राचे पाच लाख देशभर लागू आहेत. दिल्लीचे वाढीव पाच लाख दिल्लीच्या रहिवाशांसाठी आहेत. नोंदणी आयुष्मान ॲपवर किंवा योजनेच्या यादीतील रुग्णालयात होते. आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवावा. वयोमानाने बोटांचे ठसे उमटत नसतील, तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या आधारे ओळख पटवता येते. कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. कार्ड विनामूल्य आहे.

शेवटी एक विनंती. कार्ड कपाटात कुलूपबंद ठेवून उपयोग नाही. आजारी माणूस बहुधा स्वतः बोलू शकत नाही. धावपळ करतो तो मुलगा, सून किंवा शेजारी. म्हणून एका कागदावर कार्डाचा क्रमांक, घराजवळच्या यादीतील दोन रुग्णालयांची नावे, चालू औषधे आणि १४५५५ हा योजनेचा दूरध्वनी क्रमांक लिहून तो घरात सर्वांना दिसेल असा लावावा. रुग्णालयात प्रथम आरोग्यमित्राची चौकशी करावी आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कार्ड पुढे करावे. हे काम एका दुपारचे आहे. प्रकृती ठीक आहे तोवर ते करून ठेवावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.