टीका म्हणजे अर्थ सांगणे

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त सिंगापूर येथील समाजबांधवांसमोर केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी आम्ही एक नेहमीचाच शब्द निवडला आहे. इंग्रजीत त्याला कॉमेंटरी म्हणतात. कॉमेंटरी म्हटले की आपल्या वयाच्या मंडळींना प्रथम रेडिओ आठवतो. बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेले आपल्यापैकी पुष्कळजण असतील. मैदान दिसत नसे, पण सांगणाऱ्याच्या शब्दांनी ते डोळ्यांपुढे उभे राहत असे. जे दुसऱ्याला दिसत नाही ते त्याला दाखवायचे, हेच कॉमेंटरीचे काम. मग समोर मैदान असो की धर्मग्रंथ.

हा शब्द लॅटिन ‘कॉमेंटारिअस’ यापासून आला. त्याचा अर्थ आठवणीसाठी ठेवलेली टिपणवही. ज्युलियस सीझरने गॉल देशातील लढायांची हकिकत लिहिली, तिलाही हेच नाव आहे. या शब्दाच्या मुळाशी मन या अर्थाचा लॅटिन शब्द आहे आणि आपला ‘मन’ हा शब्दही त्याच कुळातला.

मराठीत यासाठी भाष्य आणि टीका असे दोन जुने शब्द आहेत. ‘बोलणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून भाष्य झाले. टीका म्हणजे ग्रंथातील कठीण जागा उलगडून सांगणे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवासे येथे गीतेचा अर्थ सांगितला, ती टीकाच होय. गीतेचे श्लोक 700, तर ओव्या सुमारे 9,000. ग्रंथाचे नाव भावार्थदीपिका, म्हणजे अर्थ दाखवणारा दिवा. ज्यांना संस्कृत कळत नव्हते त्यांच्यासाठी तो लावला होता. आज मात्र ‘अमक्याने टीका केली’ असे ऐकले की कोणाचे तरी दोष काढले, असेच आपण समजतो. शब्द तोच राहिला, पण त्यातला दिवा विझला.

आपल्या पवित्र हिब्रू भाषेत टीकेला ‘पेरूश’ म्हणतात. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात याच मुळाचा शब्द येतो. एज्राने यरुशलेमेत लोकांपुढे तोरा वाचली आणि लेवींनी तिची फोड करून लोकांना अर्थ समजावून दिला. आपले पूर्वीचे रब्बी सांगतात की तो अर्थ अरामी भाषेत सांगितला गेला. बाबेलमध्ये राहून आलेल्या लोकांच्या तोंडी तीच भाषा बसली होती. म्हणजे टीकेची गरज परदेशी राहिलेल्या माणसांना फार पूर्वीपासून आहे.

फ्रान्समधील त्र्वा गावचे राशी (1040 ते 1105) यांनीही तेच केले. हिब्रू शब्द अवघड असला की ते आपल्या लोकांच्या फ्रेंच बोलीतला शब्द हिब्रू अक्षरांत लिहून देत. त्यांची तोरावरील टीका 1475 मध्ये इटलीत छापली गेली. सन नोंदवलेले ते सर्वांत जुने छापील हिब्रू पुस्तक समजले जाते. तालमूदच्या छापील पानावर मूळ मजकूर मधोमध असतो आणि राशींची टीका त्याच्या बाजूला, निराळ्या वळणाच्या अक्षरांत असते. मूळ कोणते आणि टीका कोणती, यात गोंधळ होऊ नये.

आम्ही आयुष्यभर नर्सिंग केले. पदविका घेताना आम्हालाही हाच धडा मिळाला. तक्त्यावर ताप आणि नाडीचे आकडे असतात. पण पाळी संपवून जाणारी नर्स पुढच्या नर्सला हलक्या आवाजात सांगते, “बाईंनी रात्री दोनदा पाणी मागितले, पण गिळताना त्रास होत होता.” ही त्या आकड्यांवरची टीका. ती न सांगता निघून गेले तर तक्ता जागेवर राहतो, पण रोग्याची हकिकत हरवते. मात्र डॉक्टरांनी लिहिलेले आम्ही खोडत नाही. आमचा शेरा वेगळा लिहितो आणि खाली सही, तारीख व वेळ घालतो.

आपल्या बेने इस्राएल समाजातही असे अर्थ सांगणारे झाले. हग्गादा मराठी अर्थासह 1846 मध्ये मुंबईत छापली गेली आणि 1874 मध्ये पुण्यात चित्रांसह निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी आपली प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. कीर्तनकारांनी आब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने मराठी चालींवर गाऊन सांगितली. हिब्रू न समजणाऱ्या आपल्या आजीपणजीपर्यंत अर्थ पोहोचला तो या मंडळींमुळे.

आता या शहराकडे पाहा. वॉटर्लू स्ट्रीटवरील मागेन अबोथ सिनेगॉग 1878 चे आहे आणि शेसेद एल 1905 चे. ती उभारणाऱ्या बगदादी समाजात धर्मग्रंथाच्या अरबी अर्थाला ‘शरह’ म्हणतात. पेसाहच्या रात्री हग्गादा वाचताना शरहही म्हणण्याची त्यांची रीत. पुढे त्यांची मुले इंग्रजी बोलू लागली आणि अर्थ सांगणाऱ्या शरहचाच अर्थ सांगायची वेळ आली.

आपल्या मराठीवर आज तीच वेळ आहे. नातवंडे इंग्रजी बोलतात, इस्राएलात असतील ती हिब्रू बोलतात. त्यांच्या हाती मराठी हग्गादा दिली तर ती तिची चित्रे पाहतील आणि मिटून ठेवतील. मलिद्याच्या ताटात काय काय असते ते त्यांना दिसते, पण एलियाहू हन्नावीचे नाव घेऊन ते का ठेवतात हे कोणी सांगायचे? आपल्या आडनावांतले कोकणातले गाव त्यांना कसे कळायचे?

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. जुन्या फोटोच्या मागे माणसांची नावे, नाते, गाव आणि साल लिहा. घरात कीर्तनाची वही असेल तर नातवंडाला जवळ बसवून एकेक पान वाचा आणि तो जे विचारील ते शेजारच्या कोऱ्या कागदावर त्याच्याच भाषेत त्याला लिहू द्या. जुन्या पुस्तकावर खाडाखोड करू नका. दृष्टी आणि आठवण शाबूत आहे तोवरच हे काम होईल, कारण सांगणारे आता थोडेच उरले आहेत.

आमच्या पिढीने मुलांवर दोष काढणारी टीका पुष्कळ केली. उरलेल्या दिवसांत जुन्या अर्थाची टीका करू या.

परमेश्वर आपणा सर्वांना आयुरारोग्य देवो आणि आपल्या सिनेगॉगचा दिवा सदैव तेवत ठेवो. आमेन.