सर्वांनी मिळून आखलेला बेत



गावाची सभा म्हटले की एक ठरीव चित्र डोळ्यांपुढे येते. शाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते. पुढे टेबल आणि टेबलामागे चार खुर्च्या. विषयपत्रिका आधीच तयार असते. कोणी तरी ती भराभर वाचतो, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज होतो, सह्यांची वही फिरते आणि सभा आटोपते. मग खरी सभा भरते ती पारावर नाही तर चहाच्या टपरीपाशी. तिथे माणसे मनातले बोलतात. ‘अहो, पण त्या नळाचे काय?’ हा प्रश्न तिथेच निघतो. पण पारावरच्या बोलण्याला वही नसते, म्हणून त्यातून काम काही निघत नाही.

ही अडचण आपल्याच खेड्यांची आहे असे समजू नका. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एक मोठी परिषद भरवली होती. परिषद संपल्यावर लोकांनी त्यांना सांगितले, की भाषणांपेक्षा मधल्या चहाच्या सुट्टीतच आम्हांला अधिक मिळाले. ओवेन विचार करू लागले, की सबंध सभाच चहाच्या सुट्टीसारखी का करू नये? त्यातून १९८०नंतरच्या दशकात त्यांनी सभेची एक नवी रीत काढली. पुढे संगणकाच्या मंडळींनीही तिच्यासारख्या रीती उचलल्या. लिनक्स नावाची संगणकप्रणाली १९९१ साली फिनलंडमधील लायनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली आणि तिची घडण सर्वांना पाहण्यास व सुधारण्यास मोकळी ठेवली. अशा मोकळ्या प्रणालींवर देशोदेशींचे लोक काम करतात. त्यांच्यांत कोणी कोणाचा नोकर नसतो, तेव्हा हुकूम सोडून भागत नाही. म्हणून ही माणसे अधूनमधून एकत्र जमतात आणि पुढचा बेत मिळून आखतात.

त्यांची रीत साधी आहे. भिंतीवर एक कोरे वेळापत्रक लावतात. ज्याला जो विषय महत्त्वाचा वाटतो, त्याने तो चिठ्ठीवर लिहून तिथे डकवायचा. ज्याने विषय मांडला, त्याने त्या विषयाच्या घोळक्यात बसायचे. जिथे आपल्याला काही शिकता येत नाही आणि काही देताही येत नाही, तिथून उठून दुसऱ्या घोळक्यात जायचे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. शेवटी प्रत्येक घोळक्याने काय ठरले ते सर्वांसमोर वाचायचे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हजर हवेत. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा आराखडा लोकांनी बसून करावयाचा असतो. म्हणजे हक्क हाती आहे. बसण्याची रीत तेवढी बसवायची आहे.

रीत बसली नाही तर काय बिघडते? पाण्याचेच उदाहरण घेऊ. हा हिशेब शिक्षकांनी फळ्यावर मांडावा. १ हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी होते. गावाचे शिवार १,००० हेक्टर असेल, तर १ मिलिमीटरला १ कोटी लिटर. गावात १,००० माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज ५५ लिटर पाणी लागते असे धरा. वर्षाला सुमारे २ कोटी लिटर झाले. आता उसाकडे पाहा. १ हेक्टर उसाला पाटाने पाणी दिले तर हंगामात साधारण २,००० मिलिमीटर लागते, म्हणजे तेही २ कोटी लिटर! गावातल्या हजार माणसांचे वर्षाचे पाणी एका हेक्टरात उभे राहिले. पडलेल्या पावसातले पुष्कळसे वाहून जाते, उन्हाने उडते. जमिनीत मुरते ते थोडे. त्या थोड्याची वाटणी कोणी करायची? ती सभेत झाली नाही, तर ज्याची विंधनविहीर खोल आणि मोटर मोठी, तोच ती करतो. मग उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभे राहण्याची पाळी बिनजमिनीच्या बाईवर येते.

आपल्या जिल्ह्यात, नगर तालुक्यात, हिवरे बाजार आहे. तिथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. १९७२च्या दुष्काळानंतर या गावची पुष्कळ माणसे पोटासाठी बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने सभेत बसून पाच वर्षांचा बेत आखला. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. पण त्याहून अवघड काम सभेतच झाले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे गावाने आपणहून ठरवले. पावसाळा संपला की पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसे व जनावरे आधी, पिके मागाहून. पाऊस कमी असेल तर कोणते पीक सोडायचे तेही बोलून ठरते. आकडा सर्वांपुढे असल्यामुळे भांडण माणसाशी राहत नाही, हिशेबाशी होते.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला एवढे करून पाहा. सभेच्या आठवडाभर आधी शाळेच्या भिंतीवर कोरा कागद लावा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा विषय सातवी-आठवीच्या मुलांनी लिहून घ्यावा, अगदी त्याच्याच शब्दांत. स्त्रियांच्या सभेतले विषय सर्वांत वर लावावेत. सभेच्या दिवशी टेबल-खुर्च्या बाजूला सारा, सतरंज्यांचे चार-पाच घोळके करा आणि अर्धा तास बोलू द्या. प्रत्येक घोळक्यात आधी सर्वांत कमी बोलणाऱ्याला विचारा, ‘मावशी, तुमचे काय म्हणणे?’ मग तीनच ओळी लिहा : काय करायचे, कोणी करायचे, केव्हापर्यंत. ज्या कामापुढे माणसाचे नाव नाही, ते काम ठरले असे समजू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. घोळक्यात सूचना होतात, निर्णय होत नाही. घोळका सोडून उठता येते, तसे गाव सोडून उठता येत नाही. तिथे न पटलेल्या माणसालाही बरोबर घेऊन जावे लागते. म्हणून शेवटी सारे एकत्र बसा, सर्व कागद मोठ्याने वाचा, विरोध असेल तर तोही लिहा आणि मगच ठराव करा. तो कागद कपाटात न ठेवता भिंतीवरच राहू द्या. पुढची सभा सुरू होईल, ती त्याच कागदाच्या वाचनाने. झालेल्या कामापुढे खूण करा. न झालेल्या कामापुढे ज्याचे नाव असेल त्याला विचारा, ‘काय अडले?’ तो रागावेल ही भीती नको. पुष्कळदा त्यालाही मदतच हवी असते आणि ती मागायला जागा नसते.

पारावर बोलणारे गाव सभेत गप्प का बसते, याचे उत्तर गावाजवळच आहे. बोललेले कुठे तरी लागते, हे एकदा दिसले की माणसे बोलू लागतात.