गोगलगाईचीं पिल्लें आणि कांचेची टाकी

हौसेनें मासे पाळणाऱ्या घरांत एके सकाळीं टाकीच्या झांकणाखालीं, पाण्याच्या पातळीच्या वर, फिकट गुलाबी अंड्यांचा घोंस चिकटलेला आढळतो. तो बहुधा मूळच्या दक्षिण अमेरिकेंतील पोमाशिया डिफ्यूजा या गोगलगाईचा असतो. मुलें दिवस मोजूं लागतात. घोंस पाण्यांत बुडाला नाहीं, तर दोनतीन आठवड्यांनीं कित्येक पिल्लें पाण्यांत उतरतात. परंतु पुढल्या पंधरवड्यांत त्यांतील मूठभरहि उरत नाहींत. टाकी तर आरशासारखी लखलखीत असते. मग हीं पिल्लें गेलीं कशानें, असा प्रश्न घरांत पडतो.

वस्तुतः हा लखलखीतपणाच त्या नाशाचें एक मोठें कारण होय. नवजात पिल्लूं दोनतीन मिलिमीटरांचें असतें. त्याची जीभ कानशीसारखी खरखरीत असून, कांचेवरील व पानांवरील शेवाळाचा आणि सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर खरवडून तें पोट भरतें. घरधनी ज्यास घाण समजून दर आठवड्यास घांसून काढतो, तेंच पिल्लांचें ताट! म्हणून टाकीची निदान एक बाजू न घांसतां तशीच राहूं द्यावी. शिवाय स्वच्छ धुऊन उकडलेला दुधी किंवा पालक थोडा थोडा द्यावा. मात्र उरलेलें अन्न त्याच दिवशीं काढून टाकावें, नाहींतर तें कुजून पाणी विषारी होतें.

दुसरी उणीव चुन्याची. शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो. मृदु व आम्ल पाण्यांत तो नीट वाढत नाहीं. उलट झिजून त्यावर पांढरे खड्डे पडतात. पाण्याचा पीएच ७ च्या वर असावा. पाण्यांत समुद्रफेनाचा तुकडा ठेविल्यास चुन्याची ही उणीव हळूहळू भरून निघते.

तिसरा धोका यंत्राचा. फिल्टरच्या नळींत पिल्लें सहज ओढलीं जातात. तिच्या तोंडावर स्पंज बसवावा. माशांच्या कित्येक औषधांत तांबें असतें व तें गोगलगाईस मारक ठरतें. लोच जातीचे मासे तर पिल्लांना भक्ष्यच समजतात. याकरितां पहिले कांहीं आठवडे पिल्लें जुन्या, शेवाळलेल्या निराळ्या टाकींत वाढविणें श्रेयस्कर.

इतकी काळजी घेतल्यावर पिल्लें वाटेल तितकीं जगतात, आणि मग नवी अडचण उभी राहते. जास्त झालेलीं पिल्लें विहिरींत वा ओढ्यांत कदापि सोडूं नयेत. याच कुळांतील पोमाशिया कॅनालिक्युलाटा ही गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठीं तैवानांत नेण्यांत आली. पुढें आशियांतील अनेक देशांत पसरून तिनें भातशेतीची अपरिमित हानि केली. तेव्हां जेवढ्यांचा सांभाळ होईल तेवढींच अंडीं उबूं द्यावींत, व बाकीचा घोंस वेळींच काढून गोठवून नष्ट करावा. पाळणाऱ्याचें कर्तव्य पिल्लें जगविण्यानें संपत नाहीं, तें हें असें.