वजन घटवण्याचे सल्ले आणि भूमितीची वही
(स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जेवणानंतरचं भाषण आणि विषय वजनाचा, ही संयोजकांनी केलेली थट्टाच आहे. श्रीखंडाची दुसरी वाटी घेतलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. गेली तीसेक वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे, आणि सल्ले लोक कसे अमलात आणतात ते काउंटरच्या आतून बघते आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

सल्ल्यांची आपल्याला कधी टंचाई नव्हती. आता ते रोज सकाळी फोनवर येतात, आणि एकमेकांशी भांडतात. महाराष्ट्रातलंच बघा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकरांनी थोड्या थोड्या वेळाने खायला सांगितलं, तुपाला आणि भाताला घाबरू नका म्हणून सांगितलं. दोघांचेही अनुयायी घराघरांत आहेत, एकाच घरात दोन्ही पक्षांचे आहेत. मग आपण काय करायचं?

मला वाटतं, उत्तर आपल्या भूमितीच्या वहीत आहे. प्रमेय लिहिताना आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. पक्ष न लिहिता कोणी साध्यावर उडी मारली, की वहीत लाल रेघ यायची. फोनवरच्या सल्ल्यांना हीच शिस्त लावून बघू.

पक्ष म्हणजे, सल्ला कोणासाठी आहे? फोनवरच्या सल्ल्यात नेमकं हेच गळलेलं असतं. ‘सोळा तास उपाशी राहा’ हे पंचविशीच्या निरोगी मुलाला सांगणं वेगळं आणि आपल्याला सांगणं वेगळं. आपल्यापैकी काहींच्या गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड हे नाव असेल. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. गोळी घेतली आणि जेवण चुकवलं, तर साखर खाली जाते. दरदरून घाम, हातापायांची थरथर, भोवळ, आणि वेळेवर साखर पोटात गेली नाही तर बेशुद्धी. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांचंही तेच. ज्यांच्या मूत्रपिंडांना त्रास आहे, त्यांनी प्रथिनांची पावडर स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ‘उपास धरलाय, गोळी अर्धी करू का?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. त्यांना मी डॉक्टरांकडे परत पाठवते. मला काळजी न विचारणाऱ्यांची वाटते.

आता साध्य. ‘१५ दिवसांत ७ किलो’. इथे साधा गुणाकार करा. शरीरातल्या १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. ७ किलोंच्या झाल्या ५३,९००. पंधरा दिवसांनी भागल्या, तर रोज ३,६०० कॅलरींची तूट हवी. आपल्या वयात दिवसभराचा सगळा खर्चच बहुधा २,००० च्या आसपास असतो. म्हणजे पंधरा दिवस पाण्यावर राहिलं तरी हिशेब जुळत नाही. मग काटा खाली येतो तो कशाने? बराचसा पाण्याने. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा रिकामा झाला की पाणीही जातं, आणि पोळीभात सुरू झाला की दोन्ही परत येतात.

शिवाय काटा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपली भारतीय चरबी अशी लपून बसते. म्हणून काट्याबरोबर शिंप्याची टेप घ्या. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत, हे मोजमाप जास्त बोलकं आहे.

उरली सिद्धता. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो ही सिद्धता होत नाही, कारण ज्यांचं वजन हललं नाही ते फोटो पाठवत नाहीत. आणि व्यत्यास आठवतो ना? वजन घटलेल्या मैत्रिणीने जिरेपाणी प्यायलं होतं, म्हणून जिरेपाण्याने वजन घटतं असं होत नाही. तिने रात्रीचं फरसाणही सोडलं होतं.

खरी सिद्धता कशी असते? स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्या तसे, दोन गट केले. एकाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय पदार्थ. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो घटलं, दुसऱ्याचं ६.० किलो. २०१८ साली आलेल्या या निष्कर्षात तो फरक नगण्य ठरला. दोन्ही गटांत कोणी भरपूर उतरलं, कोणाचं उलट वाढलं. दोन्ही गटांना सांगितलेलं समान काय होतं? साखर-मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्य तितकं घरी शिजवा. या प्रयोगाचाही पक्ष लिहून ठेवा: माणसं १८ ते ५० वयाची आणि मधुमेह नसलेली होती.

एक गोष्ट दुकानदार म्हणून. सल्ल्याच्या शेवटी पावडरीचा डबा विकायला असेल, तर सावध व्हा. डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक असतो, तो अन्न म्हणून विकण्याचा परवाना. वजन घटतं याचा तो दाखला समजू नका. माझ्याही फळीवर असे डबे आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

तेव्हा कोणाची पद्धत बरोबर, यावर आपल्यात भांडण नको. दोनदा जेवून कोणाला बरं वाटत असेल, थोडं थोडं खाऊन कोणाला. पुढच्या दिवाळीपर्यंत निभेल तीच पद्धत तुमची. फक्त सुरू करण्याआधी गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आलेला सल्ला पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. तो ज्याच्या हातात पडेल, त्या आपल्या मित्राच्या खिशात कोणती गोळी आहे, ते आपल्याला ठाऊक नसतं.

आपण सगळे पुढच्या मेळाव्याला याल, कमरेचा घेर घेऊन किंवा घालवून, पण याल, एवढीच इच्छा.