‘तुमच्यांत उणें काय?’

श्रोतेहो, केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. खासगी नोकरींत त्या उरल्या, आणि हा प्रश्नही उरला. मुरबाडला रेल्वे नाहीं. तेथला तरुण एस. टी. नें कल्याण गांठतो, शहापूरचा आसनगांवीं लोकल धरतो. वाटेंत कित्येक जण घोकतात, ‘मी फारच कष्ट घेतों.’ हें उत्तर नव्हे, आत्मस्तुति! इंग्रजी बोलतांना जीभ अडखळत असेल, तर तेंच सांगावें; रोज अर्धा तास मोठ्यानें वाचतों, हेंही सांगावें, अर्थात् वाचत असल्यास. हिशेबनिसाच्या जागेसाठीं ‘आंकडे चुकतात’ म्हणणाऱ्यानें मात्र अर्जच कां करावा? गांव दूर असणें हा उमेदवाराचा उणेपणा नव्हे. त्याविषयीं विचारलें, तर पहिली गाडी किती वाजतां सुटते, तें सांगावें.