भिंतीवरचा टिप्या



मागच्या चतुर्थीच्या आधीची गोष्ट. आमच्या कसालच्या गटातल्या एका ताईंच्या घरी रंगकाम काढलं होतं. गणपती यायचा म्हणजे घर उजळायला हवं. सामान हलवताना पडवीच्या भिंतीवर कोळशाने काढलेला कुत्रा दिसला. त्यांच्या आठवीतल्या लेकीने काढलेला. घरचा राखणीचा टिप्याच तो. पुढचे पाय पसरलेले, त्यांवर हनुवटी टेकलेली, एक कान उभा. ताईंनी लेकीला दोन धपाटे घातले. "रंगाचे पैसे तुझो बापूस देतलो काय?" म्हणाल्या.

रंगाचा ब्रश पडवीपर्यंत यायच्या आधीच टिप्या हायवेवर गाडीखाली सापडला. त्या घरात तो नऊ वर्षं होता. त्या संध्याकाळी ताईंनी सगळी पडवी रंगवली, पण तेवढी दीड हात जागा सोडून. पुढे गटाच्या बैठकीत त्याच म्हणाल्या, "मोबाईलमध्ये सगळ्यांचे फोटो आहेत, त्याचा एक नाही. तो आता फक्त भिंतीवर आहे."

दोन महिन्यांनी त्यांनी गटाकडे चार हजारांचं कर्ज मागितलं. लेकीला चित्रकलेच्या क्लासला घालायचं होतं. रंग, कागद, ब्रश आणि एसटीचा खर्च धरून चार हजार. बैठकीत कुजबुज झाली. एक काकी उघडच बोलल्या, "शेळीसाठी कर्ज दिलं तर शेळी डोळ्यांना दिसते. चित्रां काढून काय पोट भरतला?"

काकींचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. गटाचा पैसा म्हणजे दर महिन्याला पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा. आमच्याकडेही तेव्हा उत्तर नव्हतं. म्हणून निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला, आणि जनावरांची चित्रं काढून कोणी आयुष्य उभं केलंय का, याची माहिती काढायला बसलो. त्यात दोन माणसं भेटली. तीच आज तुम्हाला भेटवतो.

पहिला आपल्या कोकणातलाच. विनायक पांडुरंग करमरकर. जन्म १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे गावातला. वडील गणपतीच्या मूर्ती करायचे. आपल्याकडे गणपतीच्या शाळेत पोरं माती मळता मळता शिकतात, तसाच हाही शिकला. चित्रंही काढायचा. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड गावात आले असताना त्यांनी ते पाहिलं. कोणी काढलं म्हणून चौकशी केली आणि त्या पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठवायची सोय केली. पुढे करमरकरांनी कलकत्त्यात काम केलं, लंडनला जाऊन शिक्षण घेतलं आणि मोठे शिल्पकार झाले.

पुण्याला शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो करमरकरांनी केला. १६ जून १९२८ ला त्याचं अनावरण झालं. घोड्यावरचा पुतळा करणं म्हणजे काय, ते जरा डोळ्यांपुढे आणा. आधी मातीत घडवायचा, मग त्याचा साचा काढायचा, मग वितळलेला धातू ओतायचा. घोड्याचं आणि स्वाराचं सगळं वजन घोड्याच्या बारीक पायांवर यायचं. पायाचा सांधा चुकला की पुतळाही डळमळतो आणि घोडाही लाकडाचा वाटतो.

एवढं नाव झाल्यावरही करमरकरांनी गावाकडचं काम सोडलं नाही. सासवण्याला त्यांच्या राहत्या घरात त्यांचं शिल्पालय आहे. तिथे मोठमोठ्या माणसांचे पुतळे आहेत, तशी अंगणात म्हैसही आहे. आपल्या गोठ्यातल्यासारखी. ज्याने महाराजांचा घोडा घडवला, त्याला म्हैस कमी वाटली नाही.

मंदिराच्या भिंतीवरचं चित्र त्या दिवशी कोणी पुसून टाकलं असतं तर? आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा ताई खाली मान घालून हसल्या.

पण काकींनी लगेच विचारलं, "तो पुरुष. बाईमाणसाचं काय?"

म्हणून दुसरी एक बाई. ती आपल्याकडची नाही, फ्रान्सची. रोझा बोनर तिचं नाव, जन्म १८२२ चा. लहानपणी तिचं अभ्यासात लक्ष लागेना. तिच्या आईने, सोफीने, एक युक्ती केली. प्रत्येक अक्षरासाठी एक जनावर काढायचं. आपल्याकडे ग गाईचा म्हणतात तसं, पण गाय स्वतः काढायची. अशी ती वाचायला शिकली. रोझा अकरा वर्षांची असताना आई गेली. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची. तिला शिवणकाम शिकायला पाठवलं, तिथे ती टिकली नाही. वडील स्वतः चित्रकार होते. शेवटी तेच तिला शिकवू लागले.

त्या काळी पॅरिसच्या मोठ्या सरकारी कलाशाळेत बायकांना प्रवेशच नव्हता. तो मिळाला १८९७ मध्ये, तेव्हा रोझा पंचाहत्तर वर्षांची होती. म्हणून ती जनावरं जिथे असतील तिथे गेली. शेतात, बाजारात, जनावरांची हाडं आणि स्नायू कळावेत म्हणून खाटिकखान्यातसुद्धा. पॅरिसच्या घोडेबाजारात ती दीड वर्षं आठवड्यातून दोनदा जात राहिली. तिथे सगळे पुरुष. बाईने लांब झगा घालून चिखलात उभं राहिलं की टोमणे आणि धक्के. म्हणून ती पुरुषी कपडे घालून जायची. त्यासाठी पोलिसांकडून परवाना घ्यावा लागायचा आणि तो दर सहा महिन्यांनी नवा करावा लागायचा. घोडे काढायचे म्हणून पँटीचा परवाना! आमच्या बायका यावर खूप हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. अशा परवान्याविना अडलेल्या गोष्टी प्रत्येकीला आपापल्या आठवल्या असणार.

त्या फेऱ्यांतून 'घोडेबाजार' हे चित्र झालं. सोळा फुटांहून रुंद आणि आठ फूट उंच. आपल्या पडवीची अख्खी भिंत भरेल एवढं. उधळलेले, लगाम ओढणारे दांडगे घोडे. ते आज अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात आहे. तिने कुत्रेही तेवढ्याच मनापासून काढले. ब्रिझो नावाच्या धनगरी कुत्र्याचं १८६४ चं चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. नुसतं तोंड, डोळ्यांवर आलेले राठ केस, आणि चित्रावर त्याचं नाव. एखाद्या सरदाराचं काढावं तसं कुत्र्याचं चित्र. चित्रांच्या कमाईवर तिने स्वतःचं घर घेतलं, तिथे घोडे, कुत्रे, मेंढ्या पाळल्या. १८६५ मध्ये फ्रान्सचा मोठा सन्मान तिला मिळाला. तो मिळालेली ती पहिली बाई चित्रकार.

मैत्रिणींनो, या दोघांकडून आम्ही एक गोष्ट शिकलो. जनावर काढता येणं ही नुसती देणगी नाही. ते बघण्याचं काम आहे, आणि ते शिकता येतं. आज घरी गेल्यावर कुत्र्याच्या मागच्या पायाकडे बघा. मागे वळलेला सांधा दिसतो त्याला आपण गुडघा म्हणतो. तो गुडघा नाही, तो घोटा आहे. गुडघा वर, पोटाजवळ असतो. कुत्रा बोटांवर चालतो, टाच उचलून. घोड्याचंही तसंच, तो तर एकेका बोटाच्या नखावर उभा असतो, त्यालाच आपण खूर म्हणतो. हे ज्या मुलीला दिसलं, तिचा कुत्रा भिंतीवर जिवंत बसतो. गाय आजारी पडायच्या आधी तिचे कान बघून तुम्हाला कळतं ना? तीच नजर ही.

आणि पोटाचं काय? तेही बघितलं. शाळेतून शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा देता येतात. पुढे शिकायचं तर मुंबईच गाठायला हवी असं नाही. चिपळूणजवळ सावर्ड्याला आणि देवरुखला कला महाविद्यालयं आहेत. गणपतीच्या शाळेत रंगकामाला, डोळ्यांच्या आखणीला हात लागतातच. आणि आपल्या शेजारी, कुडाळच्या पुढे पिंगुळीला, ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातले रथ आणि घोडे कागदावर रंगवायचे आणि चित्र दाखवत कथा गायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. श्रीमंती आली असं नाही, पण चित्र काढणारा उपाशीच मरतो असंही नाही.

पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर झालं. चारचे तीन हजार झाले, दहा हप्ते ठरले. सही करताना काकी म्हणाल्या, "हप्तो चुकलो तर मी भिंतीर चुनो मारतलंय." आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. मुलगी यंदा एलिमेंटरीला बसते आहे. पुढे काय होईल ते आम्ही आज सांगू शकत नाही. शेळीसुद्धा कधी मरते, तरी आपण शेळीला कर्ज देतोच.

आता पुन्हा चतुर्थी जवळ आली. गणपतीच्या मागची भिंत रंगवायला काकींनी त्याच मुलीला बोलावलं आहे. कमळ आणि मोर काढायचं ठरलंय. काकींनी हळूच सांगितलं म्हणे, खाली कोपऱ्यात आमची पाडशी पण काढ गो, ती हल्ली म्हातारी झाली.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात कोळशाने कुठे काही काढलेलं दिसलं, तर फडकं घेण्याआधी जरा थांबा. कोणी काढलं ते विचारा. आणि पुढच्या बैठकीत एखादीने असलं कर्ज मागितलं, तर हसण्याआधी तिच्या घरी जाऊन ती भिंत बघून या.