गटाच्या वहीत मुलीचा खेळ

भाकऱ्या थापत असाल, भांडी घासत असाल, तर हात चालू द्या. कान तेवढा इकडे द्या.

आज आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका पोरीची गोष्ट सांगते. तिचं नाव अदिती स्वामी. साताऱ्यापासून जवळच्या शेरेवाडीची. वडील शाळेत गणित शिकवतात, आई ग्रामसेवक. पोरीनं एखादा खेळ खेळावा असं वडिलांच्या मनात होतं. साताऱ्याच्या मैदानावर तिनं धनुष्यबाण पाहिला आणि तिथंच तिचं मन बसलं. सराव रोज हवा म्हणून घर गावातून साताऱ्याला हललं. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या शेतातल्या मैदानावर ती शिकू लागली.

ती खेळते त्या धनुष्याला कंपाउंड म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. लक्ष्य पन्नास मीटरवर. म्हणजे साधारण चार एसट्या एकामागं एक उभ्या केल्या, तेवढं लांब. दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, लहान वाटीच्या तोंडाएवढं. वारा आला, मनात काही आलं, की बाण सरकला.

असं धनुष्य लाखाच्या पुढं जातं. बाण वेगळे, प्रवास वेगळा. मास्तरांच्या पगारात ते बसेना, म्हणून घरानं कर्ज काढलं. चारचौघांत काय बोललं गेलं असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

2023 च्या जुलैमध्ये आयर्लंडला ती अठरा वर्षांखालची जगज्जेती झाली. पुढच्याच महिन्यात जर्मनीत, बर्लिनला, मोठ्यांची जागतिक स्पर्धा होती. तिथं 4 ऑगस्टला ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत तिनं सांघिक सुवर्ण जिंकलं. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत समोर उभी राहिली तीच ज्योतीताई, वयानं आणि अनुभवानं मोठी. अदिती जिंकली. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरालाही तिनं 149-147 असं हरवलं. पंधरा बाणांचे दीडशे गुण असतात. म्हणजे तिचा एकच बाण दहाच्या बाहेर पडला, तोही नऊवर! भारताला तिरंदाजीतलं हे पहिलं वैयक्तिक जागतिक सुवर्ण. वय सतरा. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला.

आता माझं सांगते. माझी थोरली कबड्डी खेळायची. जिल्ह्यापर्यंत गेली होती. नववीनंतर मीच बंद केलं. संध्याकाळी उशीर होतो, लोक बोलतात, गुडघा फुटला तर लग्नाला अडचण. मग दोन वर्षांनी तिच्याच लग्नासाठी मी गटातून कर्ज उचललं. ते फेडताना कुणी मला एक शब्द बोललं नाही.

परवा गटाची जुनी वही उघडली. कर्जाच्या कारणांचा रकाना वाचत गेले. म्हैस, बियाणं, आजारपण, लग्न, घराचं छप्पर. पोरीच्या खेळाचे बूट, एवढी एक ओळ सापडली नाही. आणि मी त्या गटाची सचिव!

प्रत्येक पोरगी पदक आणणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून उठून लाखाचं कर्ज काढा असं मी म्हणत नाही. आधी शाळेतल्या खेळाच्या मास्तरांना भेटा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात, त्यांची चौकशी तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडे करा. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला जादा गुण मिळतात, तेही विचारून घ्या. बूट, एसटीचं भाडं, रोज एक अंडं, एवढं तर गटाला झेपेल. आणि मैदानावरून पोरींना आणायला आपण आळीपाळीनं जाऊ शकतो. त्याला तर पैसाही लागत नाही.

कंपाउंड धनुष्याचा खेळ आजवर ऑलिंपिकमध्ये नव्हता. 2028 ला लॉस एंजेलिसला मिश्र जोडीच्या स्पर्धेत तो पहिल्यांदा येतोय. तेव्हा आपण सगळ्याजणी टीव्हीपुढं बसू. पण त्याआधी, येत्या बैठकीत वहीच्या त्या रकान्यात एक नवं कारण लिहू या.

माझी धाकटी सातवीत आहे. पळते फार छान. पहिला अर्ज माझाच असेल.

येते मी. नमस्कार.